खुर्च्या कोणी लावायच्या?

ताईंचं पत्र :

मी पस्तिशीची आहे. माहेर खानापूर भागातलं, लग्न होऊन बेळगावात आले. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघते. चर्चमध्ये सेवा करायची हौस मला लहानपणापासून. आमच्या मराठी मंडळीत मी संडे स्कूल घेते, क्वायरमध्ये गाते, शनिवारी संध्याकाळी हॉल झाडून खुर्च्या लावते, प्रभुभोजनाची (भाकर-द्राक्षरसाच्या विधीची) तयारी करते. हॉलची किल्लीही माझ्याकडेच असते. मे महिन्यातलं व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, यंदा जवळजवळ एकटीने केलं. कागद, रंग, मुलांचा खाऊ असा सगळा खर्च माझ्या पगारातून केला, घरी न सांगता.

वार्षिक सभेत शाल देऊन सत्कार झाले. माझं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. घरी येऊन रडले. मंडळीतल्या एका मोठ्या बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तू मार्था आहेस, मरीया हो." आमच्या उपासनेनंतर त्याच हॉलमध्ये कन्नड उपासना असते. त्यांच्यासाठी परत झाडू मारायचा, खुर्च्या सरळ करायच्या, तेही मीच करते. 'यांचं मी का करायचं?' असं मनात येतं, आणि मग त्या विचाराचीच लाज वाटते. नवरा म्हणतो, "फुकट राबतेस, रविवारी घरात दोन घास गरम मिळत नाहीत." मुलांच्यात बसले की मात्र सगळं विसरते. प्रेमाने सुरू केलं होतं, आता ते प्रेम उरलंय का तेच कळत नाही. सगळं सोडून देऊ का? सोडलं तर देव रागावेल का?

– एक सेविका, बेळगाव

ख्रिस्तात प्रिय ताई, सलाम.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांना त्या भीतीने धरून ठेवलंय. नाही, देव रागावणार नाही. ज्याने सातव्या दिवशी स्वतः विसावा घेतला आणि आपल्या लोकांनाही तो घ्यायला लावला, तो दमून बसलेल्या लेकीवर रागावत नाही. भीतीपोटी चाललेली सेवा तर आजच थांबवलीत तरी चालेल.

पण सगळं सोडू नका. तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती घाईत लिहून पुढे गेलात : मुलांच्यात बसले की सगळं विसरते. प्रेम उरलंय का, याचं उत्तर तिथेच आहे. उरलंय, आणि कुठे उरलंय तेही तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या कामांखाली ते दबलंय, एवढंच.

शालीबद्दल बोलू. तुम्ही रडलात त्याची लाज वाटून घेऊ नका. प्रभूची सेवा करणाऱ्याने कौतुकाची अपेक्षा ठेवू नये, हे आपल्याला इतक्यांदा ऐकवलं जातं की कौतुक करण्याची जबाबदारी मंडळीवर आहे हे आपण विसरतो. बायबलमधलं रोमकरांस पत्र, प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेलं, त्याचा सोळावा अध्याय काढा. आपण तो बहुधा गाळतो, नावांची यादी आहे म्हणून. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिला लागेल ती मदत करा, असं पौल सांगतो. प्रिस्क आणि अक्विला या जोडप्याने त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, ते तो लिहून ठेवतो. मरीया नावाच्या एका बाईने तुमच्यासाठी पुष्कळ श्रम केले, असं रोमच्या लोकांना कळवतो. त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस यांचे श्रमही तो नावानिशी नोंदवतो. पौलाने तोवर रोममध्ये पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं! इतक्या दूरच्या बायांचे कष्ट त्याला माहीत होते, आणि तुमच्या मंडळीला त्याच हॉलमध्ये बसून तुमचे दिसले नाहीत. ही चूक मंडळीची आहे, तुमची नाही.

ही चूक तुम्ही बोलून दाखवा, असंही मी म्हणेन, पण ती स्वतःसाठी नको. पुढच्या सभेत उभ्या राहा आणि जे कोणाला दिसत नाहीत त्यांची नावं घ्या : पाण्याचे माठ भरणारे काका, प्रभुभोजनाचे पेले धुणारी मावशी, पावसाळ्यात गळक्या कौलांखाली बादली ठेवणारा मुलगा. दुसऱ्याचं नाव घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि एकीने सुरुवात केली की मंडळीला तशी सवय लागते.

आता जरा कठीण बोलते. पत्रात तुम्ही केलेल्या कामांची आणि न मिळालेल्या धन्यवादांची बारीक नोंद आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला प्रीती कशी असते ते लिहिलं, तेव्हा मनात उचंबळून काय येतं याबद्दल तो काही बोलला नाही. प्रीती कशी वागते ते त्याने सांगितलं. ती धीर धरते, हेवा करत नाही, झालेले अपकार मनात जमा करून ठेवत नाही. तुमच्या मनात ती जमा चालू झाली आहे. त्यासाठी मी तुम्हाला दोष देत नाही. माणूस आपल्या ताकदीपलीकडे देऊ लागला की हिशेब आपोआप सुरू होतो, कारण आतून कोणीतरी 'पुरे' म्हणत असतं. म्हणून आधी काम कमी करा. काम तेवढंच ठेवून मन मोठं करायचा प्रयत्न कराल तर दोन्ही हातचं जाईल.

आणि त्या मोठ्या बाईंनी तुम्हाला मार्था म्हटलं, ते मला पटलं नाही. मार्थेला आपण उगीच बदनाम केलंय. लूकच्या दहाव्या अध्यायात ती पाहुणचाराच्या धावपळीत असते, बहीण मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत असते, आणि मार्था तिची तक्रार करते. तेव्हा प्रभू तिला "स्वयंपाक करू नकोस" असं म्हणत नाही. तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी करतेस, दगदग करतेस, असं म्हणतो. ती प्रेमाची सूचना होती, तिरस्काराची नव्हती. पुढे योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ लाजर मेल्यावर घरातून उठून प्रभूला सामोरी जाते ती मार्थाच, आणि तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस, ही कबुली देते तीही मार्थाच. मग बाराव्या अध्यायात बेथानीला जेवण आहे. तिथे एका साध्या वाक्यात लिहिलंय की मार्था वाढत होती. तक्रार नाही, बहिणीकडे बोट नाही. तिने सेवा सोडली नाही. ती तेच काम करत होती, फक्त 'पुष्कळ गोष्टी' गेल्या होत्या. तुम्हाला कोणी मार्था म्हटलं तर मान खाली घालू नका.

तुमच्या पुष्कळ गोष्टी कोणत्या, ते पाहू. संडे स्कूल, क्वायर, झाडलोट, खुर्च्या, प्रभुभोजनाची तयारी, व्हीबीएस आणि किल्ली. यातली बरीच कामं तुम्ही कोणाच्या प्रेमापोटी घेतलेली नाहीत. 'दुसरं कोणी करत नाही' म्हणून ती तुमच्याकडे आली. पण ताई, दुसरं कोणी करत नाही याचं एक कारण तुम्ही करता हेही आहे. शनिवारी संध्याकाळी हॉल आपोआप स्वच्छ होतो, असंच आता मंडळीला वाटतं. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचा न्याय करत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो आला आणि म्हणाला, हे ठीक नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. त्यातलं दुसरं अर्धं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. एकटा माणूस सगळं ओढतो तेव्हा बाकीचेही कमकुवत होतात, कारण त्यांच्या वाट्याची सेवा त्यांना मिळतच नाही. तुमच्या मंडळीत दहावी-बारावीतली मुलं असतीलच. त्यांना खुर्च्या उचलायला लावलं नाही, तर मंडळी आपली आहे हे त्यांना कळायचं कसं?

आता कन्नड उपासनेच्या खुर्च्या. ज्या गोष्टीची तुम्हाला सर्वांत जास्त लाज वाटली, तीच मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची वाटली. आपल्या सीमाभागात हा विचार मनात येणं नवल नाही. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथल्या मराठी घरात भाषेचं दुखणं जेवणाच्या ताटापर्यंत येतं. बसची पाटी, दुकानाची पाटी, सरकारी अर्ज, मुलांची शाळा, सगळीकडे ते भेटतं. चर्चच्या दारात चपला काढतो तसं ते काढून ठेवता येत नाही. पण इथल्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास त्याहून जुना आहे. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं. तेव्हापासून इथे शुभवर्तमान मराठीतही ऐकलं गेलं आणि कन्नडमध्येही. एकाच छपराखाली दोन भाषांत प्रार्थना होणं ही आपल्याकडे आलेली नवी अडचण नाही.

आणि पहिल्या मंडळीतही हेच झालं होतं. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पाहा. यरुशलेमात विधवांना रोजच्या अन्नाची वाटणी चालायची. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना नीट मिळतं. म्हणजे मंडळीतल्या सेवेवरून झालेलं पहिलं मोठं भांडण भाषेच्या अंगाने गेलं. प्रेषितांनी काय केलं? 'आपण सगळे एक आहोत, कुरकुर करू नका' असं प्रवचन दिलं नाही. एखाद्या प्रेमळ बाईला बोलावून 'तूच दोन्हींकडचं बघ' असंही सांगितलं नाही. लोकांनाच आपल्यातून सात जण निवडायला सांगितलं. जे निवडले गेले, स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे, त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटणी दिली गेली असं दिसतं. केवढा विश्वास लागतो त्याला! आणि त्यानंतर वचन वाढत गेलं, शिष्यांची संख्या वाढत गेली, असं लगेच पुढे लिहिलंय.

म्हणून कन्नड मंडळीच्या खुर्च्या तुम्ही लावू नका, आणि रागाने टाकूनही देऊ नका. रविवारी त्यांचे लोक यायला लागतात तेव्हा दहा मिनिटं थांबा. त्यांच्यातली एखादी अक्का असेलच जी तुमच्यासारखीच सगळं एकटी ओढते. तिच्याशी बोला. मोडकंतोडकं कन्नड चालेल, तिचं मराठीही बहुधा तुमच्या कन्नडपेक्षा बरं असेल. दोन्हीकडची चार-चार मुलं मिळून महिन्याची पाळी लावता येईल का, ते तिला विचारा. तुमच्याकडची मुलं त्यांच्या उपासनेसाठी खुर्च्या लावतील, त्यांची मुलं पुढच्या महिन्यात तुमच्यासाठी लावतील. असं ठरलं तर 'यांचं मी का करायचं' हा प्रश्न एका बाईच्या मनात कुजत पडणार नाही, सगळ्यांसमोर येईल आणि सुटेल.

हे जमलं तर खुर्च्यांवर थांबायचंही कारण नाही. आपल्या मराठी मंडळीतल्या किती म्हाताऱ्यांना म्हातारपणाच्या पेन्शनचा कन्नड अर्ज वाचता येत नाही! कोणाच्या तरी हातापाया पडून तो भरून घ्यावा लागतो. कन्नड शाळेत शिकलेलं मंडळीतलं पोर तो अर्ध्या तासात भरून देईल. उलट सिव्हिल हॉस्पिटलात त्यांच्यातली एखादी अज्जी दाखल असेल आणि शेजारच्या खाटेवर खानापूरकडची मराठी बाई, तर भेटायला दोघी मिळून जाता येईल. झाडू मारताना जे प्रेम तुम्हाला सापडेनासं झालं, ते अशा ठिकाणी सापडण्याची शक्यता मला जास्त वाटते. प्रेमाला समोर माणूस लागतो. रिकाम्या हॉलवर ते फार दिवस जगत नाही.

तर ठेवायचं काय? संडे स्कूल ठेवा. तिथे तुमचा जीव आहे, आणि आज त्या मुलांना तुमची गरज मोठी आहे. कित्येक घरांतली मुलं कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातात. मराठी बोलतात, पण गीताच्या पुस्तकातली ओळ अडखळत वाचतात आणि मग लाजून गप्प बसतात. त्यांना पुस्तक देऊ नका, गीत तोंडी शिकवा, एकेक कडवं घोळवून. आठवड्याचं वचन फळ्यावर दोन्ही लिप्यांत लिहा. कन्नड अक्षर तुम्हाला येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या, त्यांना त्याचा केवढा अभिमान वाटेल. पण वर्गात एकट्या राहू नका. मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं असावीत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते हवंच, आणि तुम्ही आजारी पडलात तर वर्ग बंद पडू नये म्हणूनही हवं. एखादी तरुण मुलगी आतापासून सोबत घ्या आणि दर महिन्याला एक रविवार पूर्ण तिच्या हाती द्या. ती तुमच्यासारखं शिकवणार नाही. शिकवू द्या.

क्वायरचं तुम्ही फारसं लिहिलं नाहीत. गाऊन बरं वाटत असेल तर गा. प्रभुभोजनाच्या तयारीला आणखी दोघी घ्या. व्हीबीएसला पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच समिती नेमली नाही, तर ते होणार नाही, असं आजच सांगून ठेवा. एखादं वर्ष झालं नाही तरी चालेल.

आता घरचं. तुमचे यजमान सेवेविरुद्ध आहेत असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. ते गरम जेवणाबद्दल बोलतात, पण रविवार हा त्यांना तुमच्यासोबतचा एकच दिवस मिळतो आणि तोही जातो, हे त्यांना म्हणायचं असावं. ते ऐका. दुपारी एक वाजता तुम्ही घरी असाल, असं ठरवा आणि पाळा. घरच्यांच्या वाट्याचा वेळ काढून मंडळीला दिला, तर देणारे तुम्ही एकट्या राहत नाही. घरच्यांकडूनही ते घेतलं जातं, त्यांना न विचारता.

पैशांचंही तसंच आहे. व्हीबीएसचा खर्च लपवून केलात, हे मला तुमच्या थकव्यापेक्षा जास्त खुपलं. देणं चांगलं, पण ते उघड आणि ठरवून असावं. पौल सांगतो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खेदाने किंवा भाग पडलं म्हणून नको. १९१७ साली ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संघटना सुरू केली. त्यांनी तो पगार स्वतःहून, सगळ्यांसमोर सोडला. कोणी त्यांच्या खिशातून गुपचूप काढून घेतला नव्हता. तुमच्या बाबतीत मंडळीने खर्चाची सोयच केली नाही आणि ती पोकळी तुमच्या पगाराने भरली. यजमानांना आजच सगळा आकडा सांगा. तुम्ही हिशेबाचं काम करता, चर्चचाही तसाच ठेवा. यापुढे खर्च आधी खजिनदारांना सांगायचा, पावती घ्यायची आणि पैसे परत घ्यायचे. त्यातले काही दान द्यावेसे वाटले तर दोघांनी मिळून ठरवून पाकिटात घालून द्या.

आणि पाळकसाहेबांशी बोला. रविवारी उपासना संपल्यावर दारात नको, तिथे ते सगळ्यांना "हो, हो" म्हणतात. आठवड्यात वेळ मागून घरी जा, यजमानांनाही सोबत न्या. कोणती कामं ठेवता आणि कोणती सोडता हे कागदावर लिहून द्या, सोडायची तारीख घाला, आणि प्रत्येक कामात काय काय करावं लागतं तेही लिहा : झाडू कुठे असतो, पेले कसे धुवायचे, दिवा कोणत्या बटणाने लागतो. साहेबांची उद्या बदली झाली तरी तो कागद राहील. तुमची तक्रार त्या कागदावर नको. ती वेगळी, तोंडी आणि स्पष्ट सांगा. वार्षिक सभेत वाईट वाटलं, एवढं वाक्य पुरे.

ते म्हणतील, "आणखी थोडे दिवस काढा, माणूस मिळत नाही." कदाचित प्रभूचं नाव घेऊनही म्हणतील, आणि त्यात त्यांचा वाईट हेतू नसेल. त्यांचीही ओढाताण असते, माझ्या मते तुमच्याहून फार कमी नाही. तरी तारीख पुढे ढकलू नका. माणूस शोधणं हे समितीचं काम आहे. त्या तारखेनंतरच्या पहिल्या रविवारी हॉल कदाचित झाडलेला नसेल. लोक येतील, धूळ पाहतील, कोणीतरी कुरकुर करेल. त्या दिवशी तुम्ही झाडू हातात घेऊ नका. आपल्या वर्गात जा, मुलांची हजेरी घ्या. हॉलची किल्ली मात्र त्याच्या आधीच साहेबांच्या टेबलावर ठेवून या.

तुमची ताई